कालवड अडते गोठ्यात, चूक होते नऊ महिने आधी

आखाडा बाळापूर : रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पहिलारू कालवड दुपारपासून उठबस करते आहे. पाणमोट फुटून दोन तास उलटले, दोन खुरं दिसताहेत, पण पुढं काहीच सरकत नाही. शेजारचे चार गडी गोळा होतात. कोणी दोर आणतो, कोणी तेल आणतो, कोणी म्हणतो ‘ओढा जोरात’. पहाटेपर्यंत वासरू हाती येतं ते मेलेलं, आणि कालवड मागच्या पायांवर उभी राहत नाही. घरच्या बाईने दोन-अडीच वर्षं चारा-पाणी करून वाढवलेलं जनावर एका रात्रीत जमिनीवर बसतं.

शेतकरी बांधवांनो, हा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, काहींनी भोगलाही असेल. असं झालं की आपण नशिबाला बोल लावतो, डॉक्टर वेळेवर आला नाही म्हणतो, किंवा नजर लागली म्हणून मोकळे होतो. डॉक्टर उशिरा आला तर नुकसान वाढतं, हे खरंच आहे. पण पुष्कळ वेळा या रात्रीची सुरुवात नऊ महिने आधी, कालवड माजावर आली त्या दिवशी झालेली असते. त्या दिवशी कोणत्या वळूचं रेत भरवलं आणि भरवताना कालवड केवढी होती, या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं. या लेखात त्याच दोन गोष्टींचा विचार करायचा आहे.

गाय का अडते?

वासरू अडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे दार लहान आणि माल मोठा. कमरेच्या हाडांच्या कड्यातून वासराला बाहेर यायचं असतं. वासराचं डोकं, खांदे आणि पुठ्ठे त्या कड्यापेक्षा मोठे असले की गाय अडते. वासरू आडवं किंवा उलटं येणं हे दुसरं कारण आहे. त्याचा वळूच्या जातीशी फारसा संबंध नसतो, ते कोणत्याही वेतात होऊ शकतं. पण पहिलारू कालवडीत अडण्याचं मुख्य कारण मोठं वासरू आणि अरुंद कंबर हेच असतं. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाईपेक्षा पहिल्या वेताची कालवड कितीतरी जास्त वेळा अडते. गोऱ्हा कालवडीपेक्षा जन्मतः वजनदार असतो, त्यामुळे पोटात गोऱ्हा असला की धोका आणखी वाढतो.

आता हिशेब पाहा. आपल्या भागातली लाल कंधारी गाय मध्यम बांध्याची आहे. तिचं वासरू जन्मतः साधारण वीस किलोच्या आसपास भरतं. जर्सीचं वासरू पंचवीस किलोच्या आसपास, आणि होलस्टिनचं चाळीस किलोच्या आसपास. म्हणजे दुधाच्या आशेने आपण ज्या वळूचं रेत मागतो, त्याच्या जातीचं वासरू आपल्या गावरान वासराच्या दुप्पट असतं.

मग गावरान गाय होलस्टिनने अडतेच का?

नाही. इथेच निसर्गाची एक गंमत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. वासराला अर्धा वारसा बापाचा मिळतो आणि अर्धा आईचा. त्या हिशेबाने वीस किलोवाली गाय आणि चाळीस किलोवाला वळू यांचं वासरू बरोबर तीस किलोचं व्हायला पाहिजे. पण ते बहुधा तेवढं होत नाही, कारण वासरू आईच्या पोटात वाढतं. तिथे किती जागा द्यायची आणि किती पोषण पोचवायचं हे आई ठरवते.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९३८ साली याचा एक प्रसिद्ध प्रयोग जगापुढे मांडला. शायर ही तिकडची अवाढव्य घोड्यांची जात आणि शेटलंड हे बुटकं तट्टू. दोन्हींचा संकर दोन्ही बाजूंनी केला. एकदा घोडी मोठी आणि बाप तट्टू, एकदा घोडी तट्टू आणि बाप मोठा. दोन्ही शिंगरांचं रक्त सारखंच, अर्धं-अर्धं. पण मोठ्या घोडीचं शिंगरू जन्मतः तट्टू-घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचं भरलं. तट्टू-घोडीने शिंगराला पोटातच आवर घातला होता.

आपल्या वशिंडवाल्या गाई या बाबतीत त्या तट्टू-घोडीच्याच वळणाच्या आहेत. अमेरिकेत ब्राह्मन नावाची मांसाच्या जनावरांची जात आहे. ती तयार झाली ती आपल्याकडून गेलेल्या कांक्रेज, ओंगोल, गीर आणि कृष्णाकाठच्या जनावरांपासून. तिकडच्या पशुपालकांना फार पूर्वीच दिसून आलं, की ब्राह्मन गाईला मोठ्या विलायती वळूचं रेत दिलं तरी तिचं वासरू आटोपशीर राहतं आणि ती सहज विते. पण उलट केलं, म्हणजे विलायती गाईवर ब्राह्मन वळू लावला, की वासरू अपेक्षेपेक्षा मोठं होतं, त्यातही गोऱ्हा असेल तर फारच. रक्त तेच, पण आई बदलली की वजन बदलतं.

यातून आपल्यासाठी दोन धडे निघतात. पहिला असा, की पूर्ण वाढ झालेली, एक-दोन वेतं झालेली गावरान किंवा कंधारी गाय संकराच्या वासराला बऱ्यापैकी सांभाळून घेते. तिला घाबरण्याचं कारण नाही. दुसरा असा, की संकरित गाईची गोष्ट वेगळी आहे. होलस्टिन-संकरित कालवडीला गीरचं रेत दिलं म्हणजे वासरू छोटंच होईल, असं धरून चालू नका. अलीकडे देशी रक्ताकडे परत वळण्यासाठी असं रेतन करणारे पशुपालक वाढले आहेत. विचार चांगला आहे, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाईवर करावा, पहिलारू कालवडीवर नको.

गुण दोन, आणि ते एकमेकांना अडवणारे

‘सहज विणे’ हा एक गुण वाटतो, पण शास्त्राच्या दृष्टीने ते दोन गुण आहेत. पहिला वासराच्या अंगचा, म्हणजे वासरू केवढं, कसल्या बांध्याचं, किती दिवस पोटात राहणारं. हा गुण वळूकडून थेट येतो. दुसरा आईच्या अंगचा, म्हणजे तिची कंबर किती रुंद, कळा किती जोरदार, सांधे वेळेवर ढिले पडतात की नाही. हा गुण तिला तिच्या आईबापांकडून मिळालेला असतो.

अडचण अशी, की हे दोन गुण नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. ज्या वळूची वासरं फार लहान जन्मतात, त्याच्या मुलीही पुढे लहान चणीच्या आणि अरुंद कमरेच्या निघू शकतात. आज वासरू सहज आलं म्हणून आनंद झाला, पण तीच कालवड तीन वर्षांनी स्वतः विताना अडली, असं होऊ शकतं. म्हणून परदेशात वळूची यादी छापतात तेव्हा त्यात दोन वेगवेगळे आकडे देतात. एक आकडा त्याची वासरं किती सहज जन्मतात याचा, दुसरा त्याच्या मुली किती सहज वितात याचा. पहिलारू कालवडीसाठी पहिला आकडा पाहायचा. मुली गोठ्यात ठेवायच्या असतील तर दुसराही पाहायचा.

हे आकडे ठरतात कसे? अमेरिकेत होलस्टिनच्या प्रत्येक विण्याला एक ते पाच गुण देतात. एक म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय व्याली, पाच म्हणजे अतिशय अवघड. एका वळूच्या शेकडो वासरांची अशी नोंद जमली की त्याचा हिशेब काढतात. शेकडो का, तर वासराच्या जन्मवजनातला जो फरक दिसतो, त्यातला साधारण तीस ते चाळीस टक्के फरक रक्तातून आलेला असतो. पण सहज किंवा अवघड विण्यातला रक्ताचा वाटा त्याहून पुष्कळ कमी, दहा टक्क्यांच्या आसपास असतो. बाकी सगळं चारा, वय, सांभाळ आणि प्रसंगावर अवलंबून. तेव्हा ‘अमक्याच्या गाईला त्या वळूचं भरवलं आणि ती अडली, सबब वळू वाईट’ असा एका गाईवरून निवाडा करू नका. तसंच एक गाय सहज व्याली म्हणून वळू चांगला, हेही खरं नाही. अनेक गोठ्यांतल्या नोंदी एकत्र आल्या तरच वळूची पारख होते.

दुसऱ्यांची ठेच

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पशुपालकांनी युरोपातून शारोले, सिमेंटल यांसारख्या थोराड जाती आणल्या आणि आपल्या लहान बांध्याच्या अँगस व हेरेफर्ड गाईंवर लावल्या. वासरं झपाट्याने वाढणारी निघाली खरी, पण कालवडी अडू लागल्या, वासरं दगावू लागली. त्यानंतरच तिकडे जन्मवजन आणि सहज विणे यांच्या नोंदी काटेकोर ठेवायला सुरुवात झाली.

बेल्जियमची ‘बेल्जियन ब्लू’ जात तर टोकाचं उदाहरण आहे. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या एका जनुकातच तिच्यात बिघाड आहे, हे १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्या बिघाडामुळे अंगावर मांस दुप्पट वाटावं इतकं चढतं, पण या जातीच्या बहुतेक गाईंची पोट फाडूनच सुटका करावी लागते. एकाच गुणामागे लागलं की दुसरीकडे काय मोजावं लागतं, ते यावरून कळतं. आपल्याकडे मांसासाठी गाय पाळत नाहीत, आपली हाव दुधाची आहे. पण लहान गाईवर थोराड वळू लावण्याची चूक तीच आहे.

लाल कंधारीचं मोल

कंधार तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी ही लाल जात नांदेड, लातूर, परभणी आणि आपल्या हिंगोली भागात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कंधारी बैलजोड्या पाहायला आजही गर्दी होते. बैल उन्हात टिकणारा, गाय कमी चाऱ्यात निभावणारी. दूध मात्र कमी, एका वेताला सरासरी सहाशे किलोच्या घरात. एवढ्या दुधावर आजचा संसार चालत नाही, म्हणून लोक संकराकडे वळले, यात त्यांचा दोष नाही. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बायफची स्थापना केली आणि तिथून संकराचं रेतन खेड्यापाड्यांत पोचलं. त्या दुधाने कित्येक घरांत पोरांच्या शाळेचा खर्च निघाला.

पण ज्यांच्या दावणीला शुद्ध कंधारी गाय आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणाची मदत न घेता रात्रीत विणारी, सकाळी वासरू पाजत उभी असलेली गाय ही किंमतीची वस्तू आहे. हा गुण एका दिवसात आलेला नाही. ज्या गाई अडल्या त्या मेल्या, ज्या सुटल्या त्यांचाच वंश पुढे चालला, अशी शेकडो वर्षांची निवड त्यामागे आहे. चांगली शुद्ध गाय असेल तर तिला निवडक कंधारी वळूचंच रेत द्यावं. पुढचा वळू आणि पुढची बैलजोडी तिच्याच पोटी येणार आहे. संकर करायचाच तर तो बिनजातीच्या गावरान गाईवर करावा. शासनाचं पैदास धोरणही देशी जातींच्या मूळ भागात शुद्ध पैदाशीवर भर देणारंच आहे.

माजावर आली म्हणून लगेच भरवू नका

आता दुसरी चूक, म्हणजे कालवडीचं वय आणि वजन. कालवड पहिल्यांदा माजावर आली की घाई होते. पण भरवण्याची वेळ वजनावरून ठरवावी. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या निदान साठ ते पासष्ट टक्के वजन झाल्याशिवाय कालवड भरवू नये. कंधारी गाय तीनशे-साडेतीनशे किलोची धरली, तर कालवड दोनशे-सव्वादोनशे किलोची तरी हवी. संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेलेली बरी.

गोठ्यात वजनकाटा नसतो, म्हणून टेपने वजन काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं. घेर ५८ इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४. त्याला ५० ने गुणलं की १,६८,२००. भागिले ६६०, म्हणजे सुमारे २५५ किलो. शाळेतला पोरगाही हा हिशेब करील, त्याच्याकडूनच करून घ्या.

गावात मोकाट फिरणाऱ्या सांडापासून लहान कालवडी जपा. चरायला एकत्र सोडलेल्या कळपात वर्ष-सव्वा वर्षाची कालवड कधी फळते ते मालकालाही कळत नाही, आणि अशीच कालवड पुढे सर्वांत वाईट अडते. असं झाल्याची शंका आली तर लपवून ठेवू नका, लवकर डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या दिवसांत त्यावर उपाय असतो, सातव्या-आठव्या महिन्यात नसतो.

आणखी एक समज काढून टाका. वासरू मोठं होऊ नये म्हणून काही जण शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कालवडीचा खुराक तोडतात. त्याने वासराचं वजन थोडं घटतं, पण कालवडीची ताकद जास्त घटते. कळा द्यायला जोर उरत नाही, दूध कमी येतं आणि पुढचा माज लांबतो. उलट भरमसाट ढेप चारून कालवड गोल केली, तर कमरेच्या कड्यात आतून चरबी साठते आणि वाट अरुंद होते. मध्यम अंगाने ठेवा. बरगड्या मोजता येऊ नयेत, पण हात फिरवला तर लागाव्यात.

रेतन करणाऱ्याला काय विचाराल?

द्रवनत्रातून निघणारी कांडी नुसती ‘जर्सीची’ किंवा ‘एचएफची’ नसते, ती एका ठरावीक वळूची असते. तिच्यावर जात, वळूचा क्रमांक आणि रेत गोळा केल्याची तारीख छापलेली असते. ती वाचून घेणं हा तुमचा हक्क आहे. रेतन करणाऱ्याला या गोष्टी विचारा :

एक, हा वळू शुद्ध विलायती आहे की संकरित? दोन, हा वळू पहिलारू कालवडींसाठी चालतो का, याच्या वासरांचा अनुभव काय? तीन, कांडी वापरल्यावर वळूचा क्रमांक माझ्या वहीत लिहून द्याल का?

लहान चणीच्या गावरान कालवडीला पहिल्या वेतात होलस्टिनपेक्षा जर्सी किंवा देशी वळू बरा. होलस्टिन भरवायचंच तर दुसऱ्या वेतानंतर भरवा. लिंगनिश्चित रेत वापरल्यास साधारण नव्वद टक्के कालवडीच जन्मतात. कालवड गोऱ्ह्यापेक्षा हलकी असल्याने अडण्याचा धोकाही थोडा उतरतो, हा त्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. संकरित कालवडीला पुन्हा शुद्ध होलस्टिन देऊन विलायती रक्त वाढवत नेऊ नका. आपल्या भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात अशी जनावरं टिकाव धरत नाहीत.

भरवल्याची तारीख भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवा. गाईचे दिवस साधारण २८० ते २९० असतात. शेवटच्या दिवसांत वासरू रोज पाव ते अर्धा किलोने वाढतं, म्हणून दिवस उलटून आठवडा गेला तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. तारीखच ठाऊक नसेल तर दिवस उलटले हे कळणार कसं?

ती रात्र आलीच तर

शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, सडांत चीक उतरला, की विण्याची वेळ जवळ आली. दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं तर वासरू सरळ आहे. थोडा धीर धरा. पाणमोट फुटल्यावर गाईला तासाभरात आणि कालवडीला दोन तासांत पुढची हालचाल दिसली पाहिजे. ती दिसली नाही, एकच पाय दिसला, किंवा नुसती शेपटी दिसली, तर ओढाओढ न करता लगेच फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मदत करायचीच तर हात साबणाने धुऊन, दोन माणसांनीच, गाय कळ देईल तेव्हाच आणि खालच्या दिशेने ओढावं. कळ थांबली की हातही थांबला पाहिजे. चार-पाच गडी लावून ओढणं, दोर बैलाला किंवा ट्रॅक्टरला बांधणं हा अघोरीपणा आहे. कमरेतल्या नसा चेपतात आणि गाय कायमची बसते. वासरू बाहेर आल्यावर नाकातोंडातला चिकटा काढा, नाळेला आयोडीन लावा आणि पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा. जार पडण्याची वाट पाहत चीक रोखून धरू नका.

ग्रामपंचायतीने एक वही घालावी

सरपंच, ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षकांना एक सूचना. गावात वर्षाला जेवढ्या गाई भरवल्या जातात, त्यांची एकच वही ठेवा. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, कितवं वेत, वळूचा क्रमांक, भरवल्याची तारीख, व्याल्याची तारीख, गोऱ्हा की कालवड, आणि शेवटी एवढंच : आपोआप व्याली, थोडी मदत लागली, की अडली. सात रकाने, एका गाईला एक ओळ. एका गावाच्या वहीवरून वळूचा निवाडा होणार नाही हे वर सांगितलंच आहे. पण बाळापूरच्या आसपासच्या दहा-वीस गावांनी दोन-तीन वर्षं अशी वही ठेवली, तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या जाणकारांपुढे ठेवण्याजोगी माहिती जमेल. कोणत्या वळूच्या कांड्या आपल्या गाईंना मानवतात आणि कोणत्या नाहीत, हे विलायती यादीतून कळणार नाही, कारण त्या यादीत आपली कंधारी गाय नाही. ते आपल्याच गोठ्यांतून कळेल.

अडलेली गाय सोडवणं हे डॉक्टरांचं काम आहे. ती अडू नये ही काळजी मालकाची, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. एक टेप, एक वही आणि कांडी वापरण्याआधी विचारलेला एक प्रश्न लागतो. पुढच्या वेळी कालवड माजावर आली की रेतनाचा फोन लावण्याआधी तिच्या छातीचा घेर मोजा.